पाकिटावरची बाई

मुडलीचा, म्हणजे लांबट अळकुडीचा, कंद नुसता ओढून येत नाही. भोवतीची माती पहारीनं सैल करायची, मग बोटं आत घालून तो अलगद सोडवायचा. घाई केली की मधेच मोडतो, आणि मोडका कंद शेडवर कुणी घेत नाही. त्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या आधीच पाठ फिरवून गेला होता. परड्यातली तांबडी माती भाजल्या विटेगत कडक झाली होती. वासू पहार मारायचा, पहार दणकन उसळायची आणि त्याच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. त्याची बायको केशर खड्ड्यापाशी उकिडवी बसून माती उपसत होती. कंदाच्या चिकानं तिचे हात कोपरापर्यंत खाजत होते. कोकमाच्या बियांचं भिरंडेल तेल चोळून आली होती, तरी आग काही थांबत नव्हती.

"मनगटाएवढा यायला पायजे होता. हा तर मुळ्यावानी हाय," वासू म्हणाला.

"हाय ते काढ. डुकरानं ठेवलं हेच लई."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून जीपचा आवाज आला. दिग्गीच्या वाटेवरच्या त्या वाडीत एकाच माणसाची जीप यायची. दत्तप्रसाद शेटची. तो रामनगरचा व्यापारी. त्यानं वाडीच्या तोंडाला पत्र्याची शेड घातली होती. बाया तिथं मुडली सोलायच्या, चकत्या करून वाळत घालायच्या. शहरातली एक कंपनी त्यांचं पीठ करून 'वनमाई' नावानं विकायची. शेड झाल्यापासून वाडीतली माणसं गोव्यात बांधकामावर जायची थांबली होती. वासूही थांबला होता.

दत्तप्रसाद परड्यात आला नाही. तो सरळ घराच्या सोप्यावर गेला आणि तिथूनच ओरडला, "अक्का, वर या. आज्जीचं काम हाय."

केशरला तो अक्का म्हणायचा. आज्जी म्हणजे वासूची आई, फुला. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. रानात पायात मोडलेला काटा तिनं स्वतःच सुईनं काढला होता आणि अंगठ्याला चिंधी बांधली होती. तिच्या डोक्याच्या वर, दारालगत, वनमाई पिठाचं रिकामं पाकीट खिळ्यानं ठोकलेलं होतं. पाकिटावर फुलाच होती. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, हातात लांबलचक मुडली, तोंडभर हसू. खाली छापलं होतं, 'वय वर्षे ब्याण्णव. साखर नाही, गोळी नाही. जंगलाच्या मातीचं गुपित.'

फुलाला आपलं वय ठाऊक नव्हतं, पण ते ब्याण्णव नक्कीच नव्हतं. सत्तरीच्या आसपास असेल. आणि साखरेची गोळी तिला सरकारी दवाखान्यातून कैक वर्षं चालू होती. फोटो काढला त्या दिवशी केशरनं हे दत्तप्रसादला सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, "जाहिरात हाय ती अक्का. जाहिरातीत जरा वाढवूनच सांगायचं असतंय."

आज तो हसत नव्हता.

"हळ्याळचा एक माणूस हाय," तो म्हणाला. "आमचं पीठ खाल्लं म्हणं, त्याच्यावर भरवसा ठेवून इंजेक्शन सोडलं म्हणं, आणि पाय गेला म्हणं. आता कंपनीवर केस घातलीय. कारवारला, ग्राहक आयोगात. जाहिरात खोटी हाय म्हणून. आयोगानं सांगितलंय, फोटोतली बाई आणून दाखवा."

"मग?" वासूनं विचारलं.

"मग काय? आज्जीनं यायचं, मी हे पीठ खाते, माझी साखर गेली, एवढं बोलायचं. अक्का, तू संगं चल. आज्जीची बोली साहेब लोकांना समजली न्हाई तर तू समजावून सांग."

केशरनं मातीचे हात पदराला पुसले. "पण शेट, मांयला गोळी हाय." सासूला ती मांय म्हणायची.

दत्तप्रसादनं तिच्याकडं बघितलंच नाही. तो शेडच्या दिशेनं बघत होता. "केस हरली तर कंपनी जाते. कंपनी गेली की शेड जाते. मी रामनगरला दुसरा धंदा धरीन. तुमचं तुमी बघा."

"मी येते की," फुला मधेच बोलली. "सरकारानं नाव घिऊन बोलावलंय. न्हाई कसं म्हणायचं?"

तिचा चेहरा फुलला होता. जन्मभर तिला कुणी कुठं बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केशर डोक्यावर मुडलीची पाटी घेऊन शेडवर गेली. आत बाया रांगेनं विळ्यांवर बसल्या होत्या. चकत्या पडायचा सरसर आवाज चालला होता. वजनकाट्यापाशी लखू होता, दत्तप्रसादचा माणूस. त्यानं पाटीकडं बघून मान हलवली.

"बाजूला ठेव, वैनी. न्हाईतर परत ने."

"का? मोडकी एक बी न्हाई."

"मला काय विचारतीस? वरनं सांगणं आलंय. कारवारचं काम होईपर्यंत तुमच्या घरचा माल घ्यायचा न्हाई."

विळ्यांचा आवाज थांबला. सगळ्या बायांनी ऐकलं होतं. शेजारची तारा विळीवरून उठली आणि केशरला दाराबाहेर घेऊन आली.

"काय ग, एक शब्द बोलायला तुझं काय जातंय?"

"खोटं हाय ते, तारा."

"खोटं तर खोटं. आमी काय त्या हळ्याळवाल्याला पीठ भरवायला गेलो होतो? त्याला शिकल्या सवरल्या माणसाला अक्कल न्हवती?" ताराचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझा नवरा आता कुठं घरात ऱ्हायला लागलाय, केशर. तिकडं गेला की पितोय. तुला म्हाईत हाय."

केशरला माहीत होतं. ती आत गेली. खाली बसली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत आली त्या वाटेनं परत निघाली. भरल्या पाटीनं परत जाणारी ती त्या शेडवरची पहिलीच बाई होती. मान कडक धरून चालताना तिच्या मनात आलं, ताराचं चुकलंय कुठं? हळ्याळचा माणूस आपल्या कोण लागतो? बोलून टाकावं एक वाक्य आणि व्हावं मोकळं.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. फुला सोप्यातच बसली होती. केशरनं तांब्यात कोमट पाणी घेतलं, सासूचा पाय मांडीवर ओढला आणि चिंधी सोडायला लागली. चिंधी सुटेना. कातडीला चिकटली होती. पाणी घालून भिजवली, आणि ती सुटली तसा वास आला. मेलेला उंदीर पाटाखाली राहिला की येतो तसला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट निळं-काळं पडलं होतं.

"मांय! हे कधीपासनं?"

"दुखत न्हाई ग. काय सुदीक दुखत न्हाई."

दुखत नाही, यानंच केशर घाबरली. तिनं बोटाला नख लावून बघितलं. फुलाला कळलंही नाही.

"गोळी घितलीस न्हवं सकाळी?"

फुला लबाडी पकडलेल्या लहान पोरीगत हसली.

"मांय, गोळी घितलीस का?"

"आता गोळी कशाला? शेटनं सगळ्या माणसांम्होरं वाचून दाखवलं न्हवं का? फुलाबाईची साखर गेली म्हणून. एवढं कागदावर छापून आणलंय. गेली असणार म्हणून तर छापलं. मी तवाच सोडली गोळी."

"टाकलीस कुठं?"

"चुलीत."

केशर पाय मांडीवर तसाच धरून बसून राहिली. फोटोचं पाकीट वाडीत आलं तो दिवस तिला आठवला. पावसाळ्याच्या तोंडावर शेडसमोर सगळी जमली होती, दत्तप्रसादनं मोठ्यानं वाचलं होतं, बाया टाळ्या वाजवून हसल्या होत्या. केशरही हसली होती. एकटी फुला हसली नव्हती. ती नीट ऐकत होती.

वासू कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेला आणि नर्सबाईला घेऊन आला. तिनं फुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून मशीनला लावला. मशीनवर आकडा उमटलाच नाही.

"एवढी साखर हाय की मशीनला मोजता येईना," नर्सबाई म्हणाली. तिनं सुई दिली, जखम पुसून पट्टी बांधली. "इथं काय होणार न्हाई. कारवारच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वेळ घालवाल तर अख्खा पाय जाईल. त्याच्यापेक्षा जास्त बी जाईल."

वाडीतून कारवारला जाणारी गाडी एकच होती, दत्तप्रसादची जीप, आणि आयोगाच्या तारखेला न्यायला ती उद्या सकाळी येणारच होती.

सकाळी दत्तप्रसाद आला. वासूनं त्याला पाय दाखवला, नर्सबाईचं बोलणं सांगितलं. दत्तप्रसादचं तोंड उतरलं. खरंच उतरलं. त्यानं नाकाला रुमाल लावला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. मग जीपमधून एक खोका घेऊन आला. खोक्यात पांढरे कापडी बूट आणि मोजे होते.

"दवाखान्यात मी स्वतः नेतो. खासगी डॉक्टर बघतो, खर्च माझा," तो म्हणाला. "पण आयोगात पुकारा सकाळचाच हाय. आधी तिथं जायचं, दोन शब्द बोलायचं, मग सरळ दवाखाना. आणि आज्जीच्या पायात हे घाला. पाय कुणाला दिसता कामा नये."

"आधी दवाखाना," केशर म्हणाली.

"अक्का, गाडी माझी हाय."

 वासू जीपमध्ये बसायला निघाला तर दत्तप्रसादनं हात आडवा केला. वाटेत अणशीला वकील बसणार होता, जागा नव्हती. फुला मात्र बुटांकडं बघत होती. जन्मात तिनं बूट घातले नव्हते. केशरनं मोजा पट्टीवरून हळूहळू चढवला, नाडी सैल बांधली. फुलानं पाय पुढं करून दोन्ही बाजूंनी बघितला.

वासू जीपच्या खिडकीशी आला. त्याची नजर आईच्या पायावरून शेडच्या पत्र्याकडं गेली आणि परत आली.

"शेड बी ऱ्हावी आणि आईचा पाय बी ऱ्हावा," तो हळूच म्हणाला. "मला काय कळंना, केशर. तू कर काय ते."

अणशीचा घाट उतरताना जीप वळणावळणाला झुकत होती. फुलाचं डोकं केशरच्या खांद्यावर आपटत होतं. कपाळ तापलं होतं. पुढच्या सीटवरून वकील फुलाला पुन्हा पुन्हा विचारत होता, "आज्जी, काय सांगायचं?" आणि फुला तापातही न चुकता म्हणत होती, "पीठ खाल्लं. साखर गेली." प्रत्येक वेळी वकील म्हणायचा, "शाब्बास." बंद काचांच्या आत तो वास हळूहळू भरत होता. वकिलानं काच खाली केली.

आयोगाच्या व्हरांड्यात बाकावर एक माणूस बसला होता. पँटचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. काखेशी कुबड्या. शेजारी त्याची बायको, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. नावं वकिलानं जीपमध्येच सांगितली होती. हाच तो हळ्याळचा महाबळेश्वर, आणि ही सुमंगला. केशरला वाटलं होतं ती माणसं भांडखोर असतील. महाबळेश्वर नुसता भिंतीकडं बघत होता. फुलाला बघताच तो कुबडी सावरून अर्धा उठला.

"ह्याच त्या आज्जी," तो बायकोला म्हणाला. आवाजात राग नव्हता. ओळखीच्या माणसाला बघावं तसं तो बघत होता. "रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर ह्यांचं तोंड बघायचो मी. म्हणायचो, ह्या वयात ह्यांना जमतं, तर मला का नाही?"

फुला त्याच्या दुमडलेल्या पँटकडं बघत राहिली. मग दत्तप्रसादनं तिला दंडाला धरून आत नेलं.

खोली लहान होती. लांब टेबलामागं एक वयस्क बाई आणि दोन पुरुष बसले होते. वर पंखा घरघरत होता. फुलाला खुर्ची दिली. केशर शेजारी उभी राहिली. अध्यक्ष बाईंनी पाकीट हातात घेतलं, फोटो बघितला, फुलाला बघितलं.

"ह्या तुम्हीच?"

"व्हय. मीच."

कंपनीच्या वकिलानं विचारलं. फुलानं सांगितलं. पीठ खाल्लं, साखर गेली. एकही शब्द चुकला नाही. दत्तप्रसादनं सुटल्यासारखा श्वास सोडला. केशरनंही पदर सारखा केला. झालं. ती स्वतः खोटं बोलली नव्हती. आता जीप, आणि मग दवाखाना. फक्त गप्प राहायचं होतं.

सुमंगलानं वकील केला नव्हता. ती स्वतःच उठली. प्रश्न विचारायला ती फुलाच्या जवळ आली आणि मधेच थांबली. तिच्या नाकपुड्या हलल्या. हातातला कागद तिनं खाली केला.

"आज्जी, तुमच्या पायाला काय झालंय?"

"काय न्हाई," फुला म्हणाली.

"साहेब, याचा केसशी संबंध नाही," वकील झटकन उठला.

"मला हा वास माहितीय," सुमंगला म्हणाली.  "आमच्या घरात हा वास तीन आठवडे होता. मी फिनेल टाकत होते."

वकील बोलत राहिला. अध्यक्ष बाईंनी हात वर केला. दत्तप्रसाद केशरकडं बघत होता. डोळ्यांत आता धमकी नव्हती, गयावया होती. केशरला तारा दिसली. शेडमध्ये रांगेनं बसलेल्या सगळ्या बाया दिसल्या. तिचे हात अजून खाजत होते. ती खाली बसली आणि सासूच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"काय करतीस?" फुलानं पाय मागं ओढला. "सोड! चार लोकांत माझा पाय उघडा करतीस?"

"मांय, बघू दे."

"सोड म्हणते न्हवं!" फुलानं तिच्या डोक्यावर चापट मारली. मग दुसरी मारली, जोरात. केशरनं पाय सोडला नाही. बूट निघाला. मोजा ओला झाला होता. तो सोडवताना पट्टीही सुटली. खोलीतल्या एका माणसानं तोंड फिरवलं.

केशर तिथंच जमिनीवर बसून बोलली. मान वर करून बोलायचं तिला जमलं नाही. "मांय खोटं बोलत न्हाई, साहेब. तिला तसंच वाटतंय. तिला साखरेची गोळी होती, कैक वर्षं. हे पाकीट वाचून दाखवलं तवापासनं तिनं गोळी चुलीत टाकली. वय बी ब्याण्णव न्हाई. आमी मुडली खातो, आमचं वाडवडील खात आलं. पण गोळी होती. मी शेटला सांगितलं होतं. सांगून गप्प बसले."

 फुला दोन्ही हातांनी लुगडं खाली ओढून पाय झाकायचा प्रयत्न करत होती.

बाहेर आल्या तेव्हा जीप नव्हती. त्यांची पिशवी फुटपाथवर ठेवलेली होती. सुमंगलानं रिक्षा थांबवली. महाबळेश्वर पुढं बसला, कुबड्या बाहेर धरून. मागं फुलाला मधे घेऊन दोघी बसल्या. रिक्षा सरळ मोठ्या दवाखान्यात गेली.

पाय वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. वासू आला, आईच्या उशाशी बसला, तिला पेज भरवली. फुला त्याच्याशी बोलायची, नर्सांशी बोलायची, शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या रानाच्या गोष्टी सांगायची. केशर आली की डोळे मिटून घ्यायची. पट्टी बदलताना पाय द्यायची, पण तोंड भिंतीकडं.

घरी आल्यावरही तेच. केशर गोळी आणि पाणी घेऊन पुढं उभी राहायची. फुला गोळी घ्यायची, गिळायची, पेला खाली ठेवायची. शब्द नाही.

शिमग्याच्या आधी शेडचे पत्रे उतरले. लखू आणि दोन गडी टेम्पो घेऊन आले आणि काटा, विळ्या, ताडपत्र्या सगळं भरून घेऊन गेले. तारा तिच्या दारात उभी राहून बघत होती. केशर पाण्याला निघाली तशी ती आत गेली आणि दार लावून घेतलं. निकाल नंतर आला. सुमंगलानं फोन करून सांगितलं. पाकिटावरचा दावा खोटा ठरला, कंपनीनं सगळी पाकिटं दुकानांतून परत घ्यायची, महाबळेश्वरला भरपाई द्यायची. फुलाचं नाव निकालात साक्षीदार म्हणून होतं. वासूनं सगळं ऐकून घेतलं, एवढंच म्हणाला, "बरं झालं त्यांचं." दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी खांद्याला लावून तो जंगलवाटेनं कॅसलरॉकला निघाला, गोव्याची गाडी धरायला. जाताना आईच्या पाया पडला. केशरला म्हणाला, "तुझ्यावर राग न्हाई." पण बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता.

परड्यात शेवटची मुडली राहिली होती. केशरनं एकटीनं पहार मारून ती काढली आणि बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बसथांब्यावर निघाली. बघते तर मागून काठी टेकत फुला येत होती. जाड चप्पल, पायाला स्वच्छ फडकं. केशर थांबली. फुला तिच्या बाजूनं पुढं निघून गेली आणि थांब्यावरच्या दगडावर जाऊन बसली.

जोयड्याच्या बाजारात दोघी एका गोणपाटावर बसल्या, मधे मुडलीचा ढीग. गिऱ्हाईक कमीच. उन्ह चढलं तेव्हा एक पँट-शर्टातला माणूस मोटार थांबवून आला. एक कंद उचलून त्यानं उलटापालटा करून बघितला.

"ही ती जोयड्याची मुडली ना? साखरेवर उतारा म्हणतात."

केशरनं ढिगाकडं बघितलं. ढीग अजून अर्धा होता. संध्याकाळची बस, परत वाहायचं ओझं, घरात संपत आलेले तांदूळ, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"चांगली असती," ती म्हणाली. ती कंद उगाच सारखे करायला लागली.

"साखरेला?" त्यानं पुन्हा विचारलं. "घरी वडिलांना आहे. असेल तर सगळीच घेतो."

"गोळी घेत्यात का ते?" फुलानं विचारलं.

माणूस जरा गोंधळला. "हो, घेतात."

"मग घिऊ दे. सोडाय लावू नको." फुलानं फडकं बांधलेला पाय पुढं केला, सगळ्या बाजाराला दिसेल असा. "हे पोटासाठी हाय. निखाऱ्यावर भाज, वरनं मीठ लाव. गोड लागतंय. औषीद न्हवं."

माणसानं पायाकडं बघितलं, कंदाकडं बघितलं. दोन कंद घेतले आणि निघून गेला. ढीग तेवढाच राहिला. केशर गेलेल्या मोटारीच्या धुरळ्याकडं बघत होती.

"तिकडं काय बघतीस?" फुला तिला म्हणाली. दवाखान्यानंतरचे तिच्याशी बोललेले ते पहिलेच शब्द. "मुडलीवर पाणी शिपड. सुकून चाललीय."